इमान कोणी राखायचं?

‘कुत्रा हा इमानी प्राणी आहे’ हे वाक्य मराठी शाळेत शिकलेल्या जवळजवळ प्रत्येकानं निबंधाच्या वहीत लिहिलेलं असतं. मोठेपणीही ते पाठ सोडत नाही. संस्थेच्या वर्धापनदिनाच्या भाषणात भेटतं, कंपनीच्या प्रशिक्षणवर्गात भेटतं, पक्षाच्या मेळाव्यात भेटतं. सकाळच्या सुविचारांत तर हमखास असतं: माणसापेक्षा कुत्रा बरा, खाल्ल्या मिठाला जागतो. हा धडा कोणाला दिला जातो ते जरा पाहा. नोकराला दिला जातो, कार्यकर्त्याला दिला जातो, विद्यार्थ्याला दिला जातो. मालकाला, नेत्याला, संस्थाचालकाला कुत्र्याकडे बोट दाखवून ‘शिका जरा’ असं कोणी म्हटल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही.

कुत्र्यांकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे असं मला मनापासून वाटतं. पण आपण जो धडा गिरवत बसलो आहोत तो धन्याच्या सोयीचा आहे. इमानाची परीक्षा आधी त्याची व्हायला हवी, ज्याच्या हातात भाकरी आहे. माणूस आणि कुत्रा यांचा इतिहास तेच सांगतो, कुत्र्यांचं काम तेच सांगतं आणि आपल्या जुन्या कथाही तेच सांगतात.

इमानाचं जगातलं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे जपानचा हाचिको. टोकियोच्या शाही विद्यापीठात शेतकीशास्त्र शिकवणारे प्राध्यापक उएनो यांचा हा अकिता जातीचा कुत्रा. मे १९२५ मध्ये प्राध्यापक कामावर असतानाच अचानक वारले. हाचिको पुढची जवळजवळ दहा वर्षं शिबुया स्टेशनवर येत राहिला आणि ८ मार्च १९३५ रोजी मेला. इथवरची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. मधली गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. पहिली काही वर्षं या कुत्र्याचं कोणालाच कौतुक नव्हतं. स्टेशनवरची माणसं त्याला हाकलायची, पोरं छळायची. १९३२ मध्ये एका वर्तमानपत्रानं त्याच्यावर लिहिलं आणि चित्र पालटलं. १९३४ मध्ये, तो जिवंत असतानाच, त्याचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. पुढच्याच वर्षी तो प्राथमिक शाळेच्या नीतिपाठात आला. पाठाचा आशय होता, उपकार विसरू नका. जपान तेव्हा युद्धाच्या वाटेवर होता आणि प्रश्न न विचारता निष्ठा वाहणारी मुलं राज्याला हवी होती. त्यानंतर महायुद्धात धातूची टंचाई पडली तेव्हा याच इमानदार कुत्र्याचा पुतळा उतरवून वितळवण्यात आला. आज शिबुयाला जो दिसतो तो १९४८ मध्ये बसवलेला दुसरा पुतळा.

हाचिकोच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण लाथ खाणारा कुत्रा आणि पुतळ्यातला कुत्रा एकच होता. मधल्या काळात बदलली ती त्याच्याकडे पाहणाऱ्यांची गरज. ज्या राज्यानं त्याच्या नावानं मुलांना उपकाराची आठवण ठेवायला शिकवलं, त्याला स्वतःला मात्र वेळ आल्यावर ती आठवण राहिली नाही.

आता कामाच्या कुत्र्यांकडे येऊ, कारण खरा धडा तिथे आहे. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातल्या झंजीर या लॅब्राडोरनं जे काम केलं ते या शहरानं विसरू नये. स्फोटांनंतर तीनच दिवसांनी धनजी स्ट्रीटवर उभी असलेली एक स्कूटर त्यानं हुंगून ओळखली. तिच्यात आरडीएक्स आणि जिलेटिन भरलेलं होतं. एकूण ३,३२९ किलो आरडीएक्स आणि ६०० डिटोनेटर त्याच्या नावावर नोंदले गेले. नोव्हेंबर २००० मध्ये तो हाडांच्या कर्करोगानं गेला तेव्हा त्याला शासकीय इतमामात निरोप दिला गेला. वर्तमानपत्रांनी त्याचं वर्णन इमानी म्हणूनच केलं. माझ्या मते त्यात त्याची खरी थोरवी झाकली गेली. झंजीरचं मोल होतं त्याच्या नाकाच्या खरेपणात. वास असेल तिथे तो बसणार, नसेल तिथून पुढे जाणार. शेजारी उभा असलेला साहेब किती मोठ्या हुद्द्याचा आहे, कॅमेरे लागलेत का, ‘सापडलं’ ही बातमी कोणाला हवी आहे, यांतलं काहीही त्याच्या निकालात येत नव्हतं.

हा खरेपणा किती नाजूक असतो ते अमेरिकेतल्या एका प्रयोगानं दाखवलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०११ मध्ये तो प्रसिद्ध केला. अमली पदार्थ आणि स्फोटकं शोधणाऱ्या कुत्र्यांच्या अठरा जोड्या त्यांनी घेतल्या. प्रत्येक जोडीत एक कुत्रा आणि एक हँडलर. तपासायच्या खोल्यांत अमली पदार्थांचा किंवा स्फोटकांचा वास कुठेही ठेवलेला नव्हता. हँडलरना मात्र सांगितलं होतं की माल लपवलेला असू शकतो आणि लाल कागद दिसला तर ती लपवल्याची खूण समजावी. ज्या झडत्यांत एकदाही ‘सापडलं’ म्हणायला नको होतं, त्यांत दोनशेहून जास्त वेळा ‘सापडलं’ अशी नोंद झाली. खोटी नोंद सर्वांत जास्त तिथे झाली, जिथे हँडलरला माल असल्याची खात्री वाटत होती. कुत्र्यांनी धन्याच्या मनातलं ओळखून मान डोलावली, की हँडलरलाच कुत्रा थांबल्याचा भास झाला, हे त्या प्रयोगातून वेगळं काढता येत नाही. दोन्ही शक्यता सारख्याच गंभीर आहेत.

हा प्रयोग वाचल्यापासून मला आपली सरकारी कार्यालयं, कंपन्यांचे मजले, विद्यापीठांचे विभाग वेगळे दिसायला लागले आहेत. वरच्याला जे ऐकायचं आहे तेच खालचा हुंगून आणतो. पीक चांगलं आहे, पूल भक्कम आहे, रस्ता झाला आहे, हजेरी शंभर टक्के आहे. तो माणूस खोटारडा असतोच असं नाही. बहुतेकदा तो फक्त इमानी असतो. वर्षानुवर्षं इमानालाच शाबासकी मिळालेली असल्यामुळे त्याचं नाक साहेबाच्या चेहऱ्याकडे वळलेलं असतं. आपण ज्याला निष्ठावंत म्हणून डोक्यावर घेतो, तो बॉम्बशोधक पथकात एक दिवसही टिकणार नाही.

अंधांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांचं शिक्षण तर याच्याही पुढे जातं. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी १९१६ मध्ये जर्मनीत अशा कुत्र्यांची शाळा सुरू झाली, १९२९ मध्ये अमेरिकेत. या कुत्र्याला आधी आज्ञा पाळायला शिकवतात आणि मग, सर्वांत कठीण पायरी म्हणून, आज्ञा मोडायला शिकवतात. धनी म्हणाला ‘पुढे चल’ आणि समोरून गाडी येत असेल, किंवा खड्डा असेल, तर कुत्र्यानं हलायचं नाही. ओढलं तरी नाही, ओरडलं तरी नाही. प्रत्येक कुत्र्याला हे जमत नाही. हे जमावं यासाठी माणसालाही काही शिकावं लागतं: कुत्रा अडला की त्याच्यावर चिडायचं नाही, थांबायचं, कारण त्याला दिसतंय ते आपल्याला दिसत नाही. आपल्याकडे किती वरिष्ठांना हे शिक्षण मिळालेलं आहे? हाताखालचा अडून उभा राहिला की त्याची बदली होते, उमेदवारी कापली जाते, वार्षिक अहवालात शेरा पडतो. मग समोरून गाडी येताना सांगणारं कोणी उरत नाही.

इथे कोणी विचारेल, की माया नावाची गोष्ट काहीच नाही का? आहे, आणि फार जुनी आहे. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल इथे १९१४ मध्ये एक दफन सापडलं. सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचं. एक पुरुष, एक बाई आणि त्यांच्यासोबत पुरलेलं एक कुत्र्याचं पिल्लू. पुढे संशोधकांनी त्या पिल्लाचे दात तपासले तेव्हा त्याला लहानपणीच डिस्टेंपर झाला असावा असं दिसलं. हा रोग पिल्लांना सहसा सोडत नाही. हे पिल्लू मात्र आजारात काही आठवडे तगलं आणि साधारण सात महिन्यांचं होऊन मेलं. कोणीतरी त्याला पाणी पाजलं असणार, ऊब दिली असणार, घाण काढली असणार. त्याशिवाय ते तगणं शक्य नव्हतं. त्या दिवसांत ते ना शिकारीच्या कामाचं होतं, ना राखणीच्या. कुत्र्याच्या इमानाच्या गोष्टी सांगायला सुरुवात करण्याच्या हजारो वर्षं आधी माणसानं कुत्र्याशी इमान राखलं होतं.

महाभारताच्या शेवटी हीच गोष्ट पुन्हा भेटते. पांडव हिमालयात निघतात, वाटेत द्रौपदी पडते, भाऊ एकेक करून पडतात, आणि युधिष्ठिराच्या सोबतीला उरतो तो हस्तिनापुरापासून मागे लागलेला एक कुत्रा. इंद्र रथ घेऊन येतो आणि म्हणतो, कुत्र्याला सोड आणि चढ. युधिष्ठिर नकार देतो. जो आपल्या भरवशावर आला त्याला टाकणं हे ब्रह्महत्येइतकं पाप आहे असं सांगतो आणि स्वर्ग नको म्हणतो. कुत्रा म्हणजे प्रत्यक्ष धर्म होता हे पुढे उघड होतं. कीर्तनात ही कथा सांगताना बुवा बहुधा कुत्र्याच्या सोबतीवर रंगतात. पण परीक्षा कुत्र्याची नव्हतीच. तो तर चालतच आला होता. परीक्षा राजाची होती, आणि ती अशा क्षणी झाली, जेव्हा कुत्र्याला टाकून दिल्यानं त्याचा फायदा होता आणि टाकल्याचं कोणाला कळणारही नव्हतं. आपल्या नामदेवांची कथाही याच कुळातली. कुत्र्यानं पोळी पळवली तर ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणाले.

या मापानं आजचा हिशोब केला तर आपली बाजू लंगडी पडते. लष्करातली कुत्री सेवेला निरुपयोगी झाली की त्यांना मारून टाकण्याची पद्धत आपल्याकडे होती. २०१५ मध्ये ती माहिती अधिकारातून लोकांसमोर आली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि मग पुनर्वसनाची भाषा सुरू झाली. २६/११ च्या हल्ल्यात मुंबईत काम केलेले मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर हे चार कुत्रे निवृत्तीनंतर विरारच्या एका शेतघरात राहिले. ते घर प्राणिप्रेमींचं होतं. चौघंही २०१६ मध्ये गेले. त्या घराबद्दल मला कृतज्ञता वाटते. पण ज्यांच्या जिवावर शहर उभं राहिलं त्यांच्या म्हातारपणाची तजवीज कोणाच्या तरी चांगुलपणावर सोपवायची नसते. मोठ्या शहरांत हस्की आणि सेंट बर्नार्ड हौसेनं आणणारे लोक आहेत. एप्रिल-मेच्या उन्हात ती जनावरं फरशीला पोट लावून धापा टाकतात, आणि बदली झाली किंवा घरमालक नको म्हणाला की त्यांतली काही हायवेवर सोडली जातात. सोडणाऱ्याच्या फोनमध्ये इमानाचे सुविचार असतातच.

आणि मग रस्त्यावरची कुत्री. इथे मला सांभाळून लिहायला हवं, कारण हा प्रश्न जिवाशी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसं रेबीजनं मरतात आणि त्यांतली एक तृतीयांशाहून जास्त भारतात. संशयित जनावर चावलेल्यांत सुमारे चाळीस टक्के पंधरा वर्षांखालची मुलं असतात. लक्षणं दिसू लागली की हा रोग जवळजवळ कधीच माघारी फिरत नाही. ही मुलं बंगल्यातली नसतात; बांधकामावरच्या मजुरांची असतात, पहाटे कचरा वेचणाऱ्यांची असतात. ज्याला गाडीतून उतरून थेट लिफ्टमध्ये शिरायचं आहे त्यानं या भीतीला नाकं मुरडू नयेत.

पण याच कुत्र्यांबद्दल कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी वर्षानुवर्षं रस्त्यावर उभं राहून जे टिपलं तेही ऐकलं पाहिजे. त्यांनी ३६४ पिल्लांवर लक्ष ठेवलं. वयात येईपर्यंत त्यांतली फक्त १९ टक्के जगली, आणि जी मेली त्यांतल्या ६३ टक्क्यांच्या मरणाला माणूस कारण होता. कधी गाडी, कधी मार, कधी विष. दुसऱ्या एका प्रयोगात अनोळखी माणसानं काही कुत्र्यांना वारंवार खायला दिलं, काहींना वारंवार डोक्यावरून हात फिरवून गोंजारलं. भरवसा जास्त बसला तो गोंजारणाऱ्यावर. ज्यांच्या पाचातल्या चार पिल्लांना आपण मोठं होऊ देत नाही, ती जनावरं अजून आपल्या हाताची पारख करून विश्वास टाकायला तयार आहेत. भाकरीनं इमान विकत घेता येतं ही आपली समजूतच मुळात खोटी आहे, हे त्या प्रयोगातून मला कळलं, आणि खऱ्या अर्थानं शिकण्यासारखं जर काही असेल तर ते हेच आहे: हात कसा आहे ते पाहावं, मग भरवसा टाकावा. कार्यकर्त्यांनी, मतदारांनी, नोकरदारांनी हे शिकावं.

२०२५ मध्ये हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात पोचला. ११ ऑगस्टला दोन न्यायाधीशांच्या पीठानं दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवायला सांगितलं. २२ ऑगस्टला तीन न्यायाधीशांच्या पीठानं तो आदेश बदलला: नसबंदी करा, लस टोचा आणि त्याच भागात परत सोडा, मात्र रेबीज झालेली किंवा आक्रमक कुत्री सोडू नका. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, बस आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातून कुत्री हलवून परत तिथे न सोडण्याचा आदेश आला. या काळात आपल्याकडच्या गृहसंस्थांत दोन तट पडले. एक तट म्हणतो उचला, दुसरा रात्री गाडीतून येतो, दुसऱ्याच्या दारासमोर बिस्किटं टाकतो आणि निघून जातो. दोघांनाही जबाबदारी नको आहे. खायला घालणं हे इमान राखणं नव्हे. ज्या कुत्र्याला तुम्ही रोज खायला घालता त्याची नसबंदी झाली आहे का, लस कधी टोचली, तो कोणाला चावला तर त्या मुलाला इंजेक्शनसाठी कोण घेऊन जाणार, याची उत्तरं असतील तर तुम्ही त्याचे, नाहीतर तुम्ही फक्त बिस्किटं टाकणारे.

उचलण्याचा मार्ग मुंबईनं फार पूर्वी करून पाहिला आहे. १८३२ मध्ये ब्रिटिशांनी कुत्रं मारल्यामागे बक्षीस लावलं. बक्षिसाच्या लोभानं शिपाई लोकांच्या दारातली कुत्रीही उचलू लागले आणि कुत्र्याला पवित्र मानणारे पारशी रस्त्यावर उतरून दंगल झाली. मारण्याची पद्धत तरीही नंतर चालू राहिली, पार विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापर्यंत. मुंबईतली कुत्री संपली नाहीत. कचरा उघडा आहे तोवर रिकाम्या झालेल्या गल्लीत शेजारच्या गल्लीतली येतात.

दुसरा मार्ग गोव्यानं दाखवला. तिथे ‘मिशन रेबीज’ या संस्थेनं राज्य सरकारबरोबर मिळून घरोघर आणि गल्लीगल्लीत जाऊन कुत्र्यांना लस टोचली, प्रत्येक कुत्र्याची नोंद मोबाइलवरच्या नकाशात केली, शाळाशाळांत मुलांना कुत्रं चावलं तर काय करायचं ते शिकवलं. जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची, आणि हळद-तिखट न भरता लगेच दवाखाना गाठायचा. कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. यात कोणी कुत्र्यांवर उपकार केले नाहीत. लस टोचलेला कुत्रा म्हणजे त्या गल्लीतल्या पोरांभोवतीचं कुंपण असतं.

आपल्या महापालिका नसबंदी आणि लसीकरणावर दरवर्षी पैसे खर्च करतात आणि आकडे जाहीर करतात. ते आकडे खालून वर जातात, आणि खालून वर जाणाऱ्या आकड्यांचं काय होतं ते लाल कागदाच्या प्रयोगात आपण पाहिलं. सुदैवानं इथे तपासायला सोपी खूण आहे: नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच पाडलेली असते. आपल्या प्रभागातली कुत्री मोजावीत, त्यांत खाच असलेली किती ते मोजावं. रेबीज आटोक्यात ठेवायचा तर सत्तर टक्के कुत्र्यांना लस टोचलेली असावी लागते असं मानलं जातं. तिची नोंद कुत्र्यागणिक मागावी. संख्या जुळली नाही तर प्रभाग कार्यालयात जाऊन विचारावं, लेखी विचारावं, आणि जो कर्मचारी ‘साहेब, काम झालेलं नाही’ असं खरं सांगेल त्याच्या पाठीशी उभं राहावं. त्याची बदली होऊ देऊ नये.